त्या वळणावर दिवा नाही

सेंट थॉमस या बेटाचं वर्णन मी दोनदा केलं आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा मी तिथे गेलो नव्हतो.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी एखादं हलकंफुलकं प्रवासवर्णन द्या, समुद्र, खाणंपिणं, दोन फोटो, असं संपादकांनी सुचवलं. ते सगळं पुढे येईल. पण पहिलं वर्णन ज्यांनी माझ्या तोंडून ऐकलं त्यातले काही जण या अंकाचे वाचक आहेत, आणि त्यांना 'बेट छान आहे, जाऊन या' असं छापील सांगणं मला जमेना. म्हणून आधी ते.

माझी भाची गार्गी नागपूरची. समुद्र पाचशे मैलांवर असलेल्या गावातल्या या मुलीला प्रवाळांचं वेड लागलं आणि तिला प्रवेश मिळाला तो सेंट थॉमसच्या विद्यापीठात. कॅरिबियन समुद्रातलं बेट, पण अमेरिकेच्या मालकीचं. व्हिसाही तोच, डॉलरही तेच. ताई घाबरली. मी इथून, ओहायोतल्या डब्लिनमधून, तिला म्हणालो, "अगं अमेरिकाच आहे ती. मी आहे ना. मी स्वतः जाऊन तिला लावून देतो." त्या शब्दावर ताईने पोरीला विमानात बसवलं.

आणि मी गेलो नाही. तिकीट कॅन्सल केलं. ऑफिसात काम निघालं, असं सगळ्यांना सांगितलं. काम निघालं होतं हे खरं, पण ते मी काढलं होतं. मला नवी माणसं, अनोळखी खोल्या, कुणाकुणाशी बोलणं यांचा मनापासून कंटाळा आहे. गार्गीला फोनवरून भरपूर सूचना दिल्या आणि त्या शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये कढीपत्ता मांडीवर घेऊन बसलो असताना ताईचा फोन आला. "कसं आहे रे सगळं?" तिला वाटलं मी बेटावरच आहे. 'नाही' म्हणायला एक क्षण होता, तो गेला. मग मी बोलत राहिलो. नारळाची झाडं सांगितली, निळं पाणी सांगितलं. गेटवर वॉचमन आहे म्हणालो. ताई म्हणाली, "रस्त्यावर दिवे आहेत न रे?" म्हणालो, "आहेत ना." ताई फोनवर रडली, आनंदाने. गार्गीने हे सगळं नंतर आईकडून ऐकलं आणि एका शब्दाने मला उघडं पाडलं नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी गार्गी लॅबमधून परतत असताना घराच्या चढावर कुणीतरी तिच्या खांद्यावरची बॅग ओढली. ती पडली, मनगट मोडलं. व्हिडिओ कॉलवर प्लास्टर दिसल्यावर ताईने आधी तिला विचारलं आणि मग मला फोन केला.

"तू पाहून आलायस न तो रस्ता? दिवे होते न तिथं?"

"होते," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

ताई म्हणाली, "मग पुन्हा जा, आणि पाहून सांग. तू म्हणशील तसं. राहू दे म्हणालास तर राहील, नाहीतर मी तिकीट काढते तिचं. प्रवाळ काय करून राहिली ते नागपुरातूनही वाचता येईल."

या वेळी तिकीट कॅन्सल केलं नाही. बायकोने बॅग भरताना एवढंच विचारलं, "वॉचमनसाठी काही न्यायचं का?"

शार्लट अमाली

ओहायोत, कोलंबसच्या विमानतळावर काचेबाहेर बर्फ भुरभुरत होता. विमान बेटावर उतरताना खिडकीतून पाहिलं तर पाण्याचे निळे एवढे होते की त्यांना मराठीत नावं नाहीत. मोरपंखी म्हणावं तर पुढच्याच क्षणी ते दुसरंच काही व्हायचं. हिरवे डोंगर थेट समुद्रातून उठलेले, आणि त्यांच्या अंगावर लाल छपरांची घरं चिकटवल्यासारखी. मी पार्किंगमध्ये बसून रंगवलेलं बेट किती गरीब होतं, हे मला विमानातच कळलं.

गार्गी न्यायला आली होती. डावा हात गळ्यात. मला बघून म्हणाली, "वेलकम बॅक, मामा." मी मान खाली घातली तेव्हा हसली. "सॉरी यार, तो जोक मी वर्षभर जपून ठेवला होता."

इथे गाड्या अमेरिकन आहेत, स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि रस्त्याने चालतातही डावीकडून. म्हणजे ड्रायव्हर गटाराच्या कडेला आणि मधला रस्ता देवाच्या भरवशावर. आम्ही 'सफारी'ने निघालो. मालट्रकच्या पाठीवर बाकं टाकून वर छप्पर घातलेलं, आपल्या वडापचं जरा मोकळं भावंड. एक बाई चढल्या, सगळ्या बाकांकडे बघून "गुड आफ्टरनून" म्हणाल्या, आणि सगळ्या बाकांनी उत्तर दिलं. मला वाटलं शाळेच्या बाई असतील आणि सगळे त्यांचे विद्यार्थी. मग एक रंगाने माखलेला माणूस चढला. तोही म्हणाला. त्यालाही सगळ्यांनी उत्तर दिलं. गार्गीनेही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, म्हणजे खिडकी असती तर जिथून बघितलं असतं तिथून.

माझी खोली गावात, म्हणजे शार्लट अमालीत, बंदराजवळ होती. गार्गीला प्राध्यापकांना भेटायचं होतं, ती मला सोडून गेली. सहाच्या सुमाराला अंधार पडला आणि मला भूक लागली. कोपऱ्यावर एक लहानसं दुकान, काउंटरवर तळलेल्या करंज्यांसारखं काहीतरी, वासानेच पाय वळले. दारात पाऊल टाकलं तोच आतल्या बाईंनी माझ्याकडे बघून ठणकावून म्हटलं, "गुड नाइट."

दुकान बंद झालं असणार. मी "सॉरी" म्हणालो आणि बाहेर पडलो. पुढच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. तिथले गृहस्थ म्हणाले, "गुड नाइट." मी तिथूनही निघालो. परदेशात संध्याकाळी सहाला सगळी बाजारपेठ झोपायला जाते, याचं नवल करत आणि सोबत आणलेला चिवडा खात मी खोलीत बसलो.

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा गार्गी इतकी हसली की प्लास्टर धरून बसली. "मामा, ते तुला 'या' म्हणत होते. अंधार पडला की गुड नाइट म्हणजे हॅलो. तू न बोलता आत गेलास, आणि त्यांनी ग्रीट केल्यावर पळालास. आख्ख्या मेन स्ट्रीटला वाटलं असेल काय उद्धट माणूस आहे."

मिस अल्मा

गार्गी चढावरच्या एका घराच्या खालच्या मजल्यावर राहायची. वर घरमालकीण, मिस अल्मा. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या पुढच्या, पांढरे केस ताठ मागे ओढलेले. आपण नावापुढे ताई लावतो तसं इथे नावाआधी 'मिस' लावतात, लग्न झालेलं असो नसो. रस्त्याच्या बाजूला त्यांची एक लांब ओसरी होती. मी तिला पोर्च म्हणालो तर त्यांनी दुरुस्ती केली, "गॅलरी." मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरालाही गॅलरीच होती.

त्यांनी जेवायला थांबवलं. फुंजी नावाचा पदार्थ: मक्याचं पीठ भेंडी घालून घोटलेलं, वर माशाचा रस्सा. उकडीचाच सख्खा भाऊ. आणि मग लालभडक सरबताचा पेला आला. सोरेल, त्या म्हणाल्या, नाताळचं खास. मी घोट घेतला आणि थांबलो. आंबट, तुरट, मागे थोडी सुंठ. अंबाडीच्या बोंडांचं सरबत! आई दर हिवाळ्यात करायची. ओहायोत एवढी वर्षं काढली, कुठे मिळालं नाही आणि समुद्रातल्या या डोंगरावर पुढ्यात आलं. मी दोन पेले प्यायलो, तिसरा मागितला.

"तुम्हीच ते मामा का," मिस अल्मा म्हणाल्या. "कुणाशी बोलू नकोस म्हणणारे."

माझ्या सूचना त्यांना पाठ होत्या. अनोळखी माणसाकडे बघायचं नाही. कुणी बोललं तर ऐकू न आल्यासारखं करायचं. भरभर चालायचं. कोलंबसच्या डाउनटाउनमध्ये नवा असताना मी स्वतः याच नियमांनी वावरलो होतो. गार्गीने ते वर्षभर इमानदारीने पाळले. या गॅलरीसमोरून ती रोज सकाळ-संध्याकाळ गेली, खाली मान घालून. पलीकडच्या चढावर तेव्हा तिची खोली होती.

"मी पोरीला विचारलं, मामा राहतात कुठे? म्हणाली, ओहायोत. मग म्हटलं, ओहायोत ठीक असेल ते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पेला खाली ठेवून त्यांनी त्या संध्याकाळचं सांगितलं. त्या इथेच बसल्या होत्या. खाली वळणावर मुलीचा आवाज आला, ओरडल्यासारखा. सुट्टीवर आलेली पोरं संध्याकाळी अशीच ओरडत जातात. त्यांना वाटलं, तसंच काही. त्या बसून राहिल्या. गार्गी रस्त्यावर पडून होती आणि त्या इथे बसून मटार सोलत होत्या. खूप वेळाने, एक कुत्रं भुंकायचं थांबेना म्हणून टॉर्च घेऊन गेल्या.

"मला या गल्लीतल्या प्रत्येक पोराचा आवाज ओळखू येतो," त्या म्हणाल्या. "हिचा मी ऐकलाच नव्हता."

त्यानंतर त्यांनीच तिला खालची खोली देऊ केली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला सुचलं ते एवढंच विचारलं, की बेट सेफ आहे का? त्यांनी माझ्याकडे, वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं. म्हणाल्या, इथे चोऱ्या होतात, बंदुकाही चालतात, अगदी सुरक्षित आहे असं मी माझ्या मुलालाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला कशाला सांगू?

पाण्याखाली

गार्गीचा जीव अडकला होता तो एका प्रवाळात. उथळ खाडीतलं, जुनं, तिच्या अभ्यासाचं. त्याला पांढरं पाडत जाणारा रोग लागला होता आणि तिने औषधाचा लेप लावून ठेवला होता. तेवढ्यात हात मोडला. प्लास्टर घेऊन पाण्यात जाता येईना. म्हणाली, "मामा, तू बघून सांगशील? जॅकेट घातलं की बुडत नाहीस. पिवळ्या बोयाच्या उजवीकडे."

मला पोहता येत नाही असं नाही, अंबाझरी तलावात शिकलोय. पण तोंडात नळी घेऊन खाली बघत तरंगणं वेगळं. पहिल्यांदा खारं पाणी प्यायलो, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा डोकं खाली घातलं आणि सगळं विसरलो.

आधी आवाज. समुद्र मुका असेल असं वाटलं होतं, तर खाली सगळीकडे लाह्या फुटत होत्या. मग नजर बसली. जांभळे पंखे पाण्याच्या झुळकीने डोलत होते. पिवळे मासे माझ्या हाताला वळसा घालून गेले, मी कुणीच नसल्यासारखे. एक कासव खालून वर आलं, माझ्याइतक्याच संथपणे त्याने श्वास घेतला आणि परत गेलं. आपल्याला न विचारता, आपल्या पाठीमागे, एवढं सगळं रोज चाललेलं असतं! मला देवळात कधी हात जोडावेसे वाटत नाहीत. तिथे वाटलं, पण हात जोडले असते तर उलटा झालो असतो.

मग ते प्रवाळ दिसलं. जात्याएवढं, अंगभर वळणावळणाच्या नक्षीचं. आणि त्याच्या एका बाजूला पांढरी कड. लेपाच्या रेषेपलीकडे गेलेली.

काठाशी आलो तेव्हा गार्गी गुडघाभर पाण्यात उभी होती. चेहऱ्यावर ताईसारखा भाव. "कसं आहे?"

'छान आहे' हे शब्द जिभेवर आले होते, मी शपथेवर सांगतो. पोरीचा हात मोडलेला, लांबून आलेली, कशाला दुखवा? मी मास्क काढला, तोंड पुसलं आणि म्हणालो, "लेपाच्या बाहेर गेलंय. माझ्या पंजाएवढं पांढरं आहे. बाकीचं तपकिरी आहे."

तिने माझ्या हातातून मास्क घेतला. मग म्हणाली, "थँक्स. आता उद्या कुणाला तरी पाठवते लेप लावायला. तू 'ठीक आहे' म्हणाला असतास तर मी थांबले असते."

चढ

शेवटच्या संध्याकाळी तिच्याबरोबर तो रस्ता चालून पाहायचा ठरवलं. सफारी खाली मोठ्या रस्त्याला सोडते. तिथून चढ. ज्या वळणावर ती पडली तिथे दिवा नाही. बिघडलेला नाही, खांबच नाही. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला झाडी.

अंधार पडला होता. गार्गीने पहिल्या घरासमोर, न थांबता, मोठ्याने म्हटलं, "गुड नाइट!" गॅलरीत कुणीच दिसत नव्हतं. पण अंधारातून बाईचा आवाज आला, "गुड नाइट, डिअर." दुसऱ्या घरातून दोन आवाज आले, एक मोठा, एक बोबडा. तिसऱ्या घरातून आधी खोकला आणि मग "गुड नाइट". ती चालत होती आणि डोंगर तिला उत्तर देत होता. माणूस एकही दिसत नव्हता. वर एवढे तारे होते की ओहायोत ते सगळे जातात कुठे कोण जाणे, खाली बंदरात जहाजांचे दिवे, आणि मध्ये हे आवाज, एकाकडून पुढच्याकडे मुलीला सोपवत नेणारे.

वळणावर आलो. मला स्वतःचे पाय दिसेनात. गार्गीची पावलं किंचित भरभर झाली, ते मला ऐकू आलं. तिने आवाज चढवला. "गुड नाइट, मिस अल्मा!"

वरून लगेच उत्तर आलं. "गुड नाइट, गार्गी. बरोबर कोण आहे?"

कुणी उत्तर द्यायचं हे उघड होतं. मी हळूच "गुड नाइट" म्हणालो.

"ऐकू नाही आलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पुढच्या वेळी आवाज ओळखू यायला हवा."

मी पुन्हा म्हणालो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कुणाला हाक मारली नसेल. मागच्या घरातला म्हातारा खोकत खोकत हसला.

गॅलरीत बसल्यावर मी मिस अल्मांना सांगितलं, की आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्यांना ते फार पटलं. म्हणाल्या, आमच्यासारखंच आहे, बाहेरच्याला उलटं वाटतं.

फोन

सकाळी नागपूरला फोन लावायचा होता. तिथे तेव्हा दिवेलागण. गार्गी कॉफीचा मग धरून माझ्यासमोर बसली. "मामा, एक रिक्वेस्ट आहे. मागच्या वेळचं आईला सांगू नकोस. आता तू खरंच आलायस, खरंच पाहिलंस. तेवढंच सांग. मागचं कळलं तर ती तुझं काहीच खरं धरणार नाही, आणि मग मी गेले."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी फोन लावला. ताईने पहिलाच प्रश्न विचारला.

"दिवे आहेत न?"

"नाहीत, ताई. त्या वळणावर दिवा नाही. वॉचमनही नाही. कधीच नव्हता. मी मागच्या वेळी आलोच नव्हतो."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. गार्गीने कॉफीचा मग खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं, पार्किंगपासून. माझ्या सूचनांचं सांगितलं, मटार सोलण्याचं सांगितलं, चोऱ्या होतात हे सांगितलं. आणि चढावरच्या आवाजांचं सांगितलं, ते मात्र नीट सांगता आलं नाही.

सगळं ऐकून ताई म्हणाली, "आता तरी तिथं आहेस कशावरून? तिथल्या कोणाला दे फोन."

मिस अल्मा बाजूलाच होत्या. त्यांनी फोन घेण्याआधी विचारलं, तिकडे आता किती वाजले? अंधार पडतोय म्हटल्यावर त्यांनी पाठ ताठ केली आणि अत्यंत अदबीने म्हणाल्या, "गुड नाइट."

ताई अदबीने "गुड नाइट" म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

गार्गी आधी हसली आणि मग तिला रडू आवरेना. मिस अल्मा फोनकडे बघत राहिल्या, कुणी त्यांच्याशी असं वागलं नसावं. मी पुन्हा लावला. ताईला समजावून सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे ती 'या' म्हणत होती?" मग त्या दोघी बोलल्या, दोघींचं इंग्रजी एकमेकींना अर्धंच कळत होतं. काय बोलल्या ते मला दोघींनीही सांगितलं नाही.

गार्गी तिथेच आहे. ताईने एक अट घातली: रोज चढ चढताना फोनवर रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. ते ताई सकाळी चहाबरोबर ऐकते. माझ्याशी अजून ती पहिल्यासारखी बोलत नाही. मी शिकागोला गेलो तरी म्हणते, तिथल्या कोणाला दे फोन. मी देतो.

मागच्या महिन्यात तिचा आपणहून फोन आला. "अरे, काल तिसऱ्या घरचा खोकला नव्हता. विचार जरा."

मी गार्गीला विचारलं. ती आधीच त्या घरी जाऊन आली होती. म्हातारा मुलीकडे दुसऱ्या बेटावर गेलाय, असं शेजारच्यांनी सांगितलं. मी ताईला तसं कळवलं.

"नक्की?"

"नक्की मला माहीत नाही, ताई. गार्गी म्हणाली ते सांगतोय."

"हं," ताई म्हणाली. "असंच सांगत जा."